शैक्षणिक कर्ज लवकर फेडायचंय? इंदूरमधल्या पहिल्या पगाराचा हिशेब

बी.ई. किंवा बी.बी.ए. संपलं, सुपर कॉरिडॉरला, विजयनगरला नाहीतर पीथमपुरात नोकरी लागली, आणि बँकेचा संदेश आला की अमुक महिन्यापासून हप्ता सुरू. हा लेख नेमक्या या टप्प्यावर असलेल्यांसाठी आहे. देशातल्याच शिक्षणासाठी घेतलेलं पाच ते दहा लाखांचं कर्ज, हातात पडणारा पगार पंचवीस-तीस हजार, आणि आई किंवा वडील सहकर्जदार, असं धरून चाललो आहोत. परदेशी शिक्षणाच्या चाळीस-पन्नास लाखांच्या कर्जाला हिशेब हाच लागतो, पण ते काटकसरीवर फिटत नाही. तिथे पगारच दांडगा हवा.

आमचं मत आधीच सांगून टाकतो. छप्पन दुकानवरचा चहा आणि सराफ्यातली कचोरी बंद करून कोणाचं कर्ज फिटलेलं नाही. खोली, जेवण आणि गाडी हे तीन खर्च पहिल्याच महिन्यात नीट बसले आणि हप्ता सुरू होण्याआधीचं वर्ष हातचं गेलं नाही, तर बाकीच्या चुका पचतात.

१. खरा आकडा काढा

कर्ज किती, असं विचारलं की मुलं मंजुरीपत्रावरचा आकडा सांगतात. हप्ता त्या आकड्यावर बसत नाही. इंडियन बँक्स असोसिएशनच्या नमुना योजनेत परतफेड अभ्यासक्रम संपल्यावर एका वर्षाने सुरू होते. तोपर्यंतच्या काळाला बँकेत मोरेटोरियम म्हणतात. या काळात हप्ता नसतो, पण सरळ व्याज चढत असतं. काळ संपला की साठलेलं व्याज मुद्दलात मिसळतात आणि त्या बेरजेवर हप्ता काढतात. तिथून पुढे त्या व्याजावरही व्याज लागतं.

आकड्यांत बघू. चार वर्षांच्या अभ्यासक्रमाला दर वर्षाच्या सुरुवातीला दीड लाख उचलले, दर १० टक्के. पहिल्या दीड लाखावर पाच वर्षांचं व्याज ७५,०००, दुसऱ्यावर चार वर्षांचं ६०,०००, तिसऱ्यावर ४५,०००, चौथ्यावर ३०,०००. एकूण २,१०,०००. म्हणजे ६ लाखांचं म्हणून घेतलेलं कर्ज पहिल्या हप्त्याच्या दिवशी ८,१०,००० झालेलं असतं. पुढचा सगळा हिशेब याच उदाहरणावर आहे. तुमचा आकडा त्यात घालून बघा.

शाखेत एकदा प्रत्यक्ष जा. ज्या शाखेने कर्ज दिलं तिथेच जा, घराजवळच्या नव्हे. या गोष्टी कागदावर मागून घ्या:

– कर्ज खात्याचा पहिल्या दिवसापासूनचा उतारा
– आजचा व्याजदर, आणि तो बदलता आहे की स्थिर
– मोरेटोरियम संपण्याची तारीख, हप्त्याची रक्कम आणि एकूण हप्ते
– व्याज अनुदानाचा दावा टाकला होता का, आणि पैसे जमा झाले का

शेवटचा प्रश्न बहुतेक जण विचारतच नाहीत. तांत्रिक किंवा व्यावसायिक अभ्यासक्रम, आई-वडिलांचं वार्षिक उत्पन्न साडेचार लाखांपर्यंत आणि कर्ज नमुना योजनेतलं असेल, तर केंद्राच्या अनुदान योजनेत मोरेटोरियममधलं व्याज सरकार भरतं. संस्था आणि अभ्यासक्रमाच्या मान्यतेच्या अटी आहेत, त्या शाखेत विचारा. दावा तुमची शाखा टाकते आणि तो कॅनरा बँकेमार्फत जातो. उत्पन्नाचा दाखला वेळेवर पोचला नाही की दावा राहतो, आणि कोणी आठवण करून देत नाही. ज्यांची धाकटी भावंडं आता प्रवेश घेत आहेत त्यांनी पीएम विद्यालक्ष्मीही बघावी. २०२४च्या नोव्हेंबरात मंजूर झालेल्या या योजनेत, निवडक संस्थांतल्या विद्यार्थ्यांना कौटुंबिक उत्पन्न आठ लाखांपर्यंत असल्यास दहा लाखांपर्यंतच्या कर्जावर मोरेटोरियममध्ये ३ टक्के व्याज सवलत आहे.

पुण्या-नागपूरच्या नातेवाइकांच्या व्हॉट्सअॅप गटात महाराष्ट्र सरकारच्या शिष्यवृत्त्यांचे आणि महामंडळांच्या कर्जांचे संदेश सतत फिरत असतात. त्यांना महाराष्ट्राचं अधिवास प्रमाणपत्र लागतं. तीन पिढ्या रामबागेत किंवा नारायण बागेत राहिलेल्या घरातला मुलगा मध्य प्रदेशचा मूलनिवासी असतो. त्याने भोपाळच्या योजना बघाव्यात, त्यात आधी मुख्यमंत्री मेधावी विद्यार्थी योजना: राज्य मंडळात बारावीला ७० टक्के किंवा सीबीएसईत ८५ टक्के असतील तर ती फी भरते. उत्पन्नाची अट आहे. ती मिळाली तर कर्जच लहान घ्यावं लागतं.

२. मोरेटोरियमचं वर्ष वाया घालवू नका

जूनमध्ये शेवटची परीक्षा, ऑगस्टमध्ये नोकरी, आणि हप्ता पुढच्या जूनपासून. मधले दहा महिने पगार येतो आणि हप्ता नसतो. याच दहा महिन्यांत नवा फोन, नवी गाडी आणि मित्रांबरोबर गोवा होतं. मग जूनमध्ये हप्ता सुरू झाल्यावर पगार कमी पडायला लागतो, कारण राहणीमान हप्त्याशिवायच्या पगारावर बसलेलं असतं.

आपल्या उदाहरणात या काळात ६ लाखांवर महिन्याला ५,००० रुपये व्याज चढतं. ते दरमहा भरत गेलात तर दहा महिन्यांत ५०,००० जातात आणि पहिल्या हप्त्याच्या दिवशी ८,१०,०००ऐवजी ७,६०,००० बाकी राहतात. दहा वर्षांच्या मुदतीला हप्ता १०,७०४वरून १०,०४४वर येतो. महिन्याला ६६० रुपये, १२० महिने: ७९,००० रुपयांच्या वर. म्हणजे आत्ता भरलेल्या ५०,०००ने पुढचे ७९,००० टळतात. शिवाय पगारातून पाच हजार वजा करून जगायची सवय आधीच लागते.

अजून शिकत असलेल्यांनी मंजुरीपत्रात एक ओळ शोधावी: शिक्षणाच्या आणि मोरेटोरियमच्या काळात व्याज वेळच्या वेळी भरलं तर दरात एक टक्का सवलत. नमुना योजनेत ती आहे. पहिल्या वर्षी दीड लाखावरचं व्याज महिन्याला १,२५० रुपये होतं. दोन शिकवण्या घेणाऱ्या विद्यार्थ्याला तेवढं जमू शकतं.

३. मुदत: दहा की पंधरा?

बँक बहुधा पंधरा वर्षं सुचवते, कारण हप्ता लहान दिसतो. ८,१०,०००वर १० टक्क्यांनी:

दहा वर्षं: हप्ता १०,७०४, एकूण व्याज सुमारे ४ लाख ७५ हजार.
पंधरा वर्षं: हप्ता ८,७०४, एकूण व्याज सुमारे ७ लाख ५७ हजार.

महिन्याचे दोन हजार वाचवायला पावणेतीन लाखांहून जास्त व्याज पडतं. तरीही सगळ्यांनी दहाच घ्यावी असं आम्ही म्हणणार नाही. व्यक्तीने स्वतःसाठी घेतलेल्या बदलत्या दराच्या कर्जावर, म्हणजे अशा शैक्षणिक कर्जावरही, बँक मुदतपूर्व फेडीचा दंड लावू शकत नाही. रिझर्व्ह बँकेने बँकांना हे २०१४ मध्येच सांगितलं, बिगरबँक वित्त कंपन्यांनाही. त्यामुळे नोकरी कच्ची असेल तर पंधरा वर्षांची मुदत घ्या आणि वरचे २,००० दरमहा त्याच तारखेला स्वतः कर्ज खात्यात पाठवा. कर्ज दहाच वर्षांत फिटतं, आणि नोकरी सुटलेल्या महिन्यात ८,७०४च बांधील राहतात. बँकेच्या अॅपवर आपोआप जाणारी सूचना लावली तरच मात्र हे करा. "उरले तर टाकू" म्हणणाऱ्याने सरळ दहा वर्षांचा हप्ता घ्यावा.

पहिल्या हप्त्यानंतर उतारा उघडून बघा. १०,७०४पैकी ६,७५० व्याजात गेलेले असतात आणि मुद्दल फक्त ३,९५४ने उतरतं. सुरुवातीच्या वर्षांत जास्त भरलेला रुपया सर्वांत जास्त कामाला येतो, त्याचं कारण या दोन आकड्यांत आहे.

४. सीटीसी विसरा, हातात काय येतं ते बघा

४,२०,०००च्या सीटीसीला, म्हणजे कंपनी तुमच्यावर वर्षाला करते त्या एकूण खर्चाला, मुलं "पस्तीस हजार पगार" म्हणतात. त्यातून कामगिरीवर मिळणारा दहा टक्के भाग बाजूला काढा, महिन्याला ३,५००. कंपनीच्या वाट्याचा पीएफ १,८००. ग्रॅच्युइटी म्हणून मूळ वेतनाच्या ४.८१ टक्के, १७,५०० मूळ धरलं तर ८४२. मग तुमच्या वाट्याचा पीएफ १,८०० आणि मध्य प्रदेशचा व्यवसाय कर महिन्याला १६६. उरले सुमारे २६,८९०. कंपनीने विम्याचे पैसे कापले तर आणखी कमी.

त्यातून १०,७०४ गेले की १६,१८६ राहतात. महिना यात बसवायचा आहे.

५. खोली, जेवण, वीज, गाडी

आई-वडील इंदूरमध्येच असतील तर घरीच राहा, यावर वाद नको. घरात दरमहा ठरलेली रक्कम द्या, चार हजार म्हणा, आणि ती एक तारखेलाच आईच्या हातात ठेवा. न देता राहिलात तर तो पैसा साठत नाही, बाहेर उडतो.

बाहेरून आलेल्यांची पहिली ठेच भंवरकुआला लागते. ओळखीचं नाव म्हणून सगळे तिथेच खोली शोधतात. तो भाग कोचिंगचा. तिथली भाडी आणि खानावळी विद्यार्थ्यांच्या, म्हणजे गावाहून पैसे मागवणाऱ्यांच्या हिशेबाने चालतात. नोकरी विजयनगरला असेल तर स्कीम ५४ आणि ७८च्या आधी नंदानगर, परदेशीपुरा बघा. जुन्या गिरणी कामगारांच्या वस्त्या आहेत. घरं लहान, पण विजयनगर जवळ. सुपर कॉरिडॉरला काम असेल तर एरोड्रमच्या बाजूला. पीथमपूरला जाणाऱ्याने आधी कंपनीच्या बसचा थांबा विचारावा आणि मग थांब्याजवळ खोली शोधावी, उलटं करू नये.

खोली बघताना भाड्याआधी तीन गोष्टी विचारा: नर्मदेचा नळ रोज येतो की दिवसाआड, टँकरचे पैसे कोण देतं, आणि विजेचं मीटर वेगळं आहे का.

मीटरचा प्रश्न हलका समजू नका. मध्य प्रदेशच्या अटल गृह ज्योती योजनेत महिन्याचा घरगुती वापर १५० युनिटांपर्यंत असेल तर पहिल्या १०० युनिटांचे १०० रुपयेच लागतात. १५० ओलांडले की सवलत पूर्ण जाते. घरमालकाच्या एकाच मीटरवर तीन खोल्या असतील तर हा आकडा ओलांडला जाणारच, आणि वर मालक सबमीटरवर स्वतःचा दर लावतो. एका खोलीचा वापर मोजून बघा. ७५ वॅटचा पंखा दिवसाला १५ तास चालला तर महिन्याला ३४ युनिट. १८० वॅटचा कूलर आठ तास, ४३ युनिट. दोन एलईडी दिवे सहा तास, ३ युनिट. एकूण ८०. २,००० वॅटची इंडक्शन शेगडी दिवसाला तासभर पूर्ण ताकदीवर चालवली की आणखी ६०, म्हणजे १४०. वर पाणी तापवायची रॉड आली की गेलात पलीकडे. वेगळ्या मीटरच्या खोलीला पाचशे रुपये भाडं जास्त असेल तर हा हिशेब मांडून मगच नाही म्हणा.

गॅसचं म्हणाल तर, स्थानिक पत्त्याचा पुरावा नसलेल्यांना पाच किलोचा लहान सिलिंडर ओळखपत्रावर मिळतो. इंडियन ऑइलचा "छोटू" नावाने विकला जातो. किलोमागे तो घरगुती सिलिंडरपेक्षा महाग पडतो, त्यामुळे कायमचा उपाय म्हणून नको.

जेवणात सर्वांत स्वस्त पडतो तो मधला मार्ग: दुपारी डबा, सकाळ-रात्र घरी. दोन्ही वेळचा डबा लावला की महिन्यातले आठ-दहा डबे न खाता जातात, कारण शनिवारी कोणाकडे जेवण असतं, सोमवारी उशीर होतो. डबेवालीशी सुरुवातीलाच ठरवा की आदल्या रात्री सांगितलं तर डब्याचे पैसे कापले जातील का. तिन्ही वेळचं जेवण घरी करायचं ठरवणारेही असतात, पण कामावरून आठला येणारा माणूस तिसऱ्या आठवड्यात बाहेरून मागवायला लागतो, आणि मग भाजीही सडते.

खोलीत दोघं असाल आणि सकाळ-रात्र घरी करत असाल तर महिन्याचा किराणा साधारण असा: आटा ८ किलो, तांदूळ ४, तूर आणि मूग डाळ मिळून अडीच, जाडे पोहे २, शेंगदाणे १, साखर दीड, तेल २ लिटर. पगाराच्या आठवड्यात एकदाच सियागंजला जाऊन आणा. मसाले मारोठिया बाजारातून. चोइथराम मंडी घाऊक आहे. दोघांनी तिथून कांदे-बटाट्याखेरीज काही घेऊ नये, स्वस्त म्हणून आणलेली पाच किलो मेथी तिसऱ्या दिवशी फेकावी लागते. पालेभाजी वस्तीतल्या हाटात संध्याकाळी उतरते भाव बघून घ्या.

पोहे रोज बाहेर खाण्याची इथली चाल आहे, आणि ती मोडा असं म्हणायची आमची हिंमत नाही. रविवारी खा. आठवड्यात घरी करा: माणशी ७० ग्रॅम जाडे पोहे, म्हणजे किलोभरात चौदा बशा. चाळणीत धुऊन दहा मिनिटं निथळू द्या, हळद, मीठ, साखर पोह्यांनाच चोळा. कढईत एक चमचा तेल, मोहरी, बडीशेप, मिरची. त्यात पोहे परतून झाकण ठेवा आणि पातेल्यात उकळणाऱ्या पाण्यावर ती कढई बसवा. वाफेवर तेल कमी लागतं आणि पोहे कडक होत नाहीत. वरून शेव आणि कच्चा कांदा. हे इंदूर आहे, शेवेचा पुडा किराणा यादीत राहणारच.

गाडी. हप्त्याच्या पहिल्या दोन वर्षांत दुसरा हप्ता अंगावर घेऊ नका. घरची जुनी दुचाकी असेल तर तीच चालवा. पीथमपूर एका बाजूने तीसेक किलोमीटर. दिवसाचे ६०, महिन्याचे २५ दिवस, १,५०० किलोमीटर. लिटरला ५० किलोमीटर देणाऱ्या गाडीला ३० लिटर पेट्रोल, म्हणजे तीन हजारांच्या वर, टायर-सर्व्हिसिंग वेगळं. कंपनीची बस असेल तर ती सोडून मोटारसायकलने जाण्याचं कारण आम्हाला सापडलेलं नाही.

सगळं मांडलं तर वाटून घेतलेल्या खोलीत राहणाऱ्याचा महिना असा दिसतो: खोली ५,०००, जेवण ४,५००, वीज-पाणी ५००, बस-पेट्रोल १,२००, मोबाइल ३००, साबण-औषधं ८००, कपडे आणि आहेर ७००, अडीअडचणीची गंगाजळी १,५००. बेरीज १४,५००. हाती १,६८६ उरतात, ते तुमचे. आहेराचे पैसे वेगळे धरायला विसरू नका. मे महिन्यात चार लग्नं आली की पाकिटं कर्जाच्या पैशांतूनच जातात.

६. आधी गंगाजळी, मग जास्तीची फेड

जास्तीचे पैसे थेट कर्जात ओतण्याआधी तीन हप्त्यांएवढी रक्कम, सुमारे ३२,०००, वेगळ्या बचत खात्यात ठेवा. हप्ता ज्या खात्यातून कापला जातो त्यात नको. दरमहा १,५०० टाकून वर्षाला १८,००० होतात. कामगिरीचा भाग म्हणून वर्षाअखेरीस ४२,००० हाती आले तर गंगाजळी पुरी होऊन २८,००० उरतात. ते कर्जात टाका. भिशी गंगाजळीच्या जागी चालत नाही. नंबर कधी लागेल ते तुमच्या अडचणीवर ठरत नाही.

दुसऱ्या वर्षापासून गंगाजळीचे १,५०० मोकळे होतात. पगारवाढीतले आणखी १,५०० त्यात घाला आणि दरमहा ३,००० जास्त भरा. वर्षाअखेरचे २८,००० धरले नाहीत तरी १२० हप्त्यांचं कर्ज ८७व्या हप्त्याला संपतं आणि सुमारे १ लाख ३१ हजार व्याज वाचतं.

गाडी अडते ती पुढे. काही बँकांत जास्तीची रक्कम पुढच्या महिन्याचा आगाऊ हप्ता म्हणून धरली जाते, काही ठिकाणी हप्ता कमी करून मुदत तीच ठेवतात. दोन्हींत तुमचा फायदा आटतो. म्हणून पहिल्यांदा जास्त भरताना शाखेला लेखी द्या. इंदूरच्या शाखांत अर्ज हिंदीत चालतो, खातं क्रमांक, रक्कम, तारीख लिहून एवढं वाक्य पुरे: "अतिरिक्त राशि मूलधन में समायोजित की जाए तथा ईएमआई यथावत रखते हुए ऋण अवधि कम की जाए।" दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि तारीख घ्या. महिन्याभराने उतारा काढून मुद्दल तेवढ्याने उतरलंय का आणि उरलेली मुदत घटली का ते बघा. उतरलं नसेल तर शिक्क्याची प्रत घेऊन जा.

उरलेली मुदत दर एप्रिलला बघायची सवय ठेवा. बदलत्या दराच्या कर्जात दर वाढला की बँका बहुधा हप्ता तोच ठेवून मुदत लांबवतात, आणि बऱ्याच जणांना ते वर्षांनी कळतं. रिझर्व्ह बँकेच्या ऑगस्ट २०२३च्या परिपत्रकानुसार अशा वेळी हप्ता वाढवायचा, मुदत वाढवायची की दोन्ही, हा पर्याय बँकेने तुम्हाला द्यायचा असतो. परवडत असेल तर हप्ता वाढवून घ्या.

कर्ज फेडावं की एसआयपी करावी? मुदत ठेवीचा दर तुमच्या कर्जाच्या दरापेक्षा कमी आहे तोवर तो प्रश्न उरत नाही. शेअर बाजाराचा परतावा कोणी लिहून देत नाही, कर्जाचं व्याज मात्र लिहून दिलेलं आहे. गंगाजळी सोडून बाकी सगळं कर्जात. शैक्षणिक कर्ज फेडायला वैयक्तिक कर्ज तर मुळीच घेऊ नका. दर चढा असतो आणि करसवलतही जाते. वित्त कंपनीकडून महाग कर्ज घेतलं असेल आणि आता पगार सुरू असेल तर सरकारी बँकेला विचारा की ते शैक्षणिक कर्ज म्हणूनच आपल्याकडे वळवून घेईल का. प्रक्रिया शुल्क आणि दरातला फरक दोन्ही मांडा.

७. ८०ई: कोणाला खरंच फायदा?

प्राप्तिकरात ८०ई या नावाने ओळखल्या जाणाऱ्या सवलतीत शैक्षणिक कर्जाचं व्याज पूर्णच्या पूर्ण वजा होतं, मुद्दल नाही. मात्र फक्त जुन्या कर पद्धतीत. २०२५-२६च्या आर्थिक वर्षात नव्या पद्धतीत पगारदाराला १२ लाख ७५ हजारांपर्यंत करच नाही. पंचवीस-तीस हजार पगाराच्या मुलाला ८०ईचा काही उपयोग नाही, आणि "करसवलत मिळते म्हणून कर्ज सावकाश फेड" हा काकांचा सल्ला त्याला लागू पडत नाही. वडील सहकर्जदार असतील, जुन्या पद्धतीत कर भरत असतील आणि व्याज स्वतःच्या उत्पन्नातून भरत असतील, तर त्यांना मिळू शकतो. सवलत पहिल्यांदा व्याज भरलं ते वर्ष धरून आठ वर्षं मिळते, म्हणजे शिक्षण चालू असतानाच व्याज भरायला घेतलं तर घड्याळ तेव्हाच सुरू होतं.

८. हप्ता चुकतोय असं दिसलं तर

हप्त्याची तारीख पगाराच्या तारखेनंतर तीन ते पाच दिवसांनी मागून घ्या. पगार सातला होत असेल तर पाच तारखेचा हप्ता दर महिन्याला परतणार, आणि दर वेळी बचत खात्याची बँक आणि कर्जाची बँक दोन्हीकडून दंड बसणार, त्यावर जीएसटी. खात्यात एक हप्ता कायम पडून राहू द्या.

हप्ता थकून ९० दिवस झाले की खातं बुडीत वर्गात, बँकेच्या भाषेत एनपीए. त्याआधीच प्रत्येक थकलेला हप्ता क्रेडिट अहवालात, म्हणजे तुमच्या कर्जफेडीच्या नोंदीत, दिसायला लागतो, आणि तो तुमच्याबरोबर सहकर्जदार वडिलांच्याही अहवालात. वडिलांना घरदुरुस्तीसाठी कर्ज काढायचं असतं तेव्हा हे बाहेर येतं.

म्हणून नोकरी गेल्याच्या आठवड्यातच शाखेत जा, तीन हप्ते थकल्यावर नव्हे. नमुना योजनेत बेकारीच्या किंवा कमी पगाराच्या काळासाठी कर्जाच्या आयुष्यात दोन-तीनदा हप्त्याला सूट देण्याची सोय आहे. ती आपोआप मिळत नाही. नोकरी सुटल्याचं पत्र जोडून लेखी अर्ज द्यावा लागतो, आणि निर्णय बँकेचा असतो. या काळात व्याज चालूच राहतं, त्यामुळे दोन महिने पुरत असतील तर चार महिने मागू नका. वसुलीचे फोन सकाळी आठच्या आधी किंवा संध्याकाळी सातनंतर करायला मनाई आहे. बँकेकडे केलेल्या लेखी तक्रारीवर ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा उत्तर पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार करता येते, शुल्क नाही.

९. शेवटचा हप्ता झाल्यावर

शेवटच्या महिन्यात नेमकी किती बाकी आहे ते लेखी घ्या. दोन-तीनशे रुपये राहून गेले तर खातं उघडंच राहतं. पैसे भरल्यावर काही बाकी नाही असं नो ड्यूज पत्र घ्या आणि खात्यातून हप्ता आपोआप कापायची परवानगी, म्हणजे नॅचचा मँडेट, रद्द करा, नाहीतर पुढच्या महिन्यात कापाकापी होऊन परताव्यासाठी खेपा घालाव्या लागतात. एलआयसीची पॉलिसी बँकेच्या नावे केली असेल तर ती परत स्वतःच्या नावे करून घ्यायला स्वतंत्र अर्ज लागतो. घराची कागदपत्रं तारण असतील तर पूर्ण फेडीनंतर ३० दिवसांत मूळ कागद परत देणं बँकेवर बंधनकारक आहे. उशीर बँकेमुळे झाला तर दिवसाला ५,००० रुपये भरपाई.

दीड-दोन महिन्यांनी क्रेडिट अहवाल काढा. प्रत्येक क्रेडिट ब्युरोकडून वर्षातून एकदा पूर्ण अहवाल फुकट मिळतो. कर्जासमोर "क्लोज्ड" असायला हवं. पूर्ण पैसे भरूनही "सेटल्ड" दिसत असेल तर ते तडजोडीने मिटवल्यासारखं वाचलं जातं आणि पुढच्या कर्जाला आडवं येतं. नो ड्यूज पत्र जोडून ब्युरोकडे आणि बँकेकडे दोन्हीकडे दुरुस्ती मागा. ३० दिवसांत झाली नाही तर त्यापुढच्या दर दिवसाला १०० रुपये भरपाईचा नियम आहे. वडिलांचा अहवालही त्याच दिवशी काढा, कारण चूक बहुधा दोन्हीकडे सारखीच उतरलेली असते आणि दुरुस्ती एकाच नावावर होते.